नाटकावरून सिनेमा लिहिताय? मग आधी ऐकणारा कोण ते ठरवा

प्रश्न थोडक्यात असा होता: एक गाजलेलं जुनं नाटक आहे, सगळं एकाच दिवाणखान्यात घडतं, त्यावर आजच्या काळातला सिनेमा लिहायचाय. पहिला ड्राफ्ट झालाय, वाचणारे सगळे म्हणतायत "नाटकी वाटतंय, बाहेर काढ", बाहेर काढलं की नाटकाचा जीव जातोय, आणि लांबलचक स्वगतांचं काय करायचं ते तर अजिबात सुचत नाहीये. माझं बरंचसं आयुष्य ह्याच कामात गेलंय, आधी रंगमंचावर, मग पटकथेच्या टेबलावर, आणि हल्ली जास्त करून दुसऱ्यांच्या अडकलेल्या पटकथा सोडवण्यात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. जिथे पटणार नाही तिथे सोडून द्या.

पहिलं म्हणजे "बाहेर काढ" हा सल्ला. हा सल्ला देणारी माणसं वाईट नसतात, आळशी असतात. दिवाणखान्यातलं भांडण गच्चीवर नेलं, मग गाडीत नेलं, मग समुद्रकिनाऱ्यावर नेलं, माणसं तीच, वाक्यं तीच, फक्त मागे आता वारा सुटलाय आणि सगळं परत डब करावं लागणार. हिचकॉकने १९५४ साली डायल एम फॉर मर्डर केला तो एका चालत्या नाटकावरून, आणि त्याने तो जवळजवळ पूर्ण त्या एका फ्लॅटमध्येच ठेवला, अगदी ठरवून. बंद जागा हीच त्या नाटकाची ताकद आहे तर ती मोडायची कशाला, असं त्याचं सरळ म्हणणं होतं. कॅमेरा आणखी खाली हवा होता म्हणून त्याने सेटच्या जमिनीत खड्डा करून घेतला, पण बाहेर नाही गेला. म्हणजे दिवाणखान्यामुळे सिनेमा नाटकी होतो हे काही खरं नाही. मग कशामुळे होतो?

माझ्या मते असं आहे की प्रत्येक नाटकात एक पात्र असतं ज्याचं नाव पात्रपरिचयात छापत नाहीत, ते म्हणजे समोर बसलेला प्रेक्षक. स्वगत त्याच्याशी चाललेलं असतं, टाळीचं वाक्य त्याच्यासाठी असतं, विनोदानंतर किती थांबायचं ते तोच ठरवतो, संगीत नाटकात तर तो वन्समोअर देऊन नटाला तेच पद परत गायला लावतो, म्हणजे प्रयोग किती वाजता संपणार ह्यातसुद्धा त्याचा हात. नाटककाराने लिहिताना हे पात्र गृहीत धरलेलं असतं. आता तुम्ही तीच संहिता उचलून कॅमेऱ्यासमोर ठेवता तेव्हा नट असतात, नेपथ्य असतं, वाक्यं असतात आणि हे एक पात्र गायब असतं, पण बाकीची पात्रं अजून त्याच्याशीच बोलत राहतात. फ्रेममध्ये नसलेल्या कोणाशी तरी माणूस जोरजोरात बोलतोय, हे जे विचित्र वाटतं ना, त्यालाच लोक "नाटकी" म्हणतात. तेव्हा पटकथा उघडायच्या आधी एकच प्रश्न, की ह्या सिनेमात ती रिकामी जागा कोण भरणार आहे?

(थिएटरमध्ये प्रयोग चालू असताना थेट शूट करतात तो प्रकार वेगळा. लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ पासून प्रयोग सिनेमागृहांत दाखवायला सुरुवात केली, किंवा हॅमिल्टन हे अमेरिकन संगीत नाटक, जे २०१६ साली प्रयोगात शूट करून २०२० ला आलं. तिथे प्रेक्षक जागेवरच असतो, हसलेला ऐकू येतो, त्यामुळे तिथे हा प्रश्नच येत नाही. ते दस्तावेज आहेत आणि चांगले आहेत, पण तुमचं काम ते नाही.)

उदाहरण घेऊ, म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. १९९५ चा रिचर्ड थर्ड, इयन मॅकेलनचा, काळ नेऊन ठेवलाय १९३० च्या दशकातल्या एका काल्पनिक फॅसिस्ट इंग्लंडमध्ये. नाटक सुरू होतं तेच मुळी रिचर्डच्या लांब स्वगताने, एकटा माणूस रंगमंचावर येतो आणि प्रेक्षकांना आपला बेत सांगतो. सिनेमात काय केलंय बघा: विजयाची पार्टी चाललीय, बँड वाजतोय, रिचर्ड मायक्रोफोनपाशी जातो आणि स्वगताचा पहिला भाग चक्क भाषण म्हणून ठोकतो, राजाचं कौतुक, युद्ध संपल्याचा आनंद, लोक टाळ्या वाजवतात. आणि वाक्य चालू असतानाच कट, आता तो मुतारीत उभा आहे, एकटा, आणि तेच स्वगत पुढे चालू, पण आता त्यातलं विष बाहेर येतंय, आपण कुरूप आहोत, आपल्याला हा शांततेचा काळ मानवत नाही वगैरे. मग हात धुताना आरशात स्वतःला बघतो, आणि आरशातूनच त्याला आपण दिसतो, कॅमेरा दिसतो, आणि तो वळून आपल्याशी बोलायला लागतो. एकच स्वगत आणि ऐकणारे तीन, दरबार, आरसा आणि आपण. शब्द शेक्सपिअरचेच आहेत, पण लिहिणाऱ्याने प्रत्येक वाक्याला विचारलंय की बाबा तू कोणासाठी आहेस, आणि ज्याच्यासाठी आहेस त्याच्याकडे तुला पाठवतो. शिवाय माणूस दोन तोंडांचा आहे हे न सांगता कळलं. ह्यापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही.

हॅम्लेटचं ते जगावं की मरावं वालं स्वगत घ्या, त्याचे इतके सिनेमे झालेत की तुलनेला सोपं. लॉरेन्स ऑलिव्हिएने १९४८ ला त्यातला काही भाग मनातल्या आवाजात ठेवला, खाली समुद्र, वर कडा. केनेथ ब्रॅनाने १९९६ ला पूर्ण नाटक घेतलं, काही न कापता, चार तासांचा सिनेमा, पण ह्या स्वगताला त्याने हॅम्लेटला आरशासमोर उभं केलं आणि तो आरसा एका बाजूने पारदर्शक आहे, मागे बापाला मारून राजा झालेला काका आणि त्याचा मंत्री पोलोनियस लपून बघतायत. म्हणजे हॅम्लेटच्या दृष्टीने ऐकणारा तो स्वतःच, पण प्रत्यक्षात ऐकणारा शत्रू, आणि हातातला खंजीर आरशाकडे रोखला की पलीकडच्या काकाला घाम फुटतो. मूळ नाटकातही ते दोघं लपलेलेच असतात, ब्रॅनाने नवीन काही शोधलं नाही, फक्त जे संहितेत होतं ते फ्रेममध्ये आणलं. मग मायकेल आल्मेरेडाचा २००० सालचा, ईथन हॉकवाला, न्यूयॉर्कमध्ये, डेन्मार्क ही कंपनी आहे आणि हॅम्लेट फिल्म बनवणारा पोरगा. तो हे स्वगत व्हिडिओ कॅसेटच्या दुकानात रॅकच्या मधून फिरत म्हणतो आणि रॅकवर पाटी असते ॲक्शनची, ॲक्शन ज्याला जमत नाहीये असा हीरो. जरा चलाख आहे पण चालतं, कारण ह्या पोराचा ऐकणारा पहिल्यापासून व्हिडिओ कॅमेरा आहे, तो स्वतःला शूट करत राहतो, राजाला पकडण्यासाठी रचलेलं ते नाटकातलं नाटकसुद्धा इथे त्याने केलेली व्हिडिओ फिल्म आहे.

आणि हैदर, २०१४, हॅम्लेटच पण काश्मीरमधला. विशाल भारद्वाज आणि बशारत पीर. तिथे ते द्वंद्व एकट्याचं ठेवलेलंच नाही, डोकं भादरलेला हैदर गळ्यात दोर अडकवून चौकात उभा राहतो आणि जमलेल्या गर्दीला विचारतो की आपण आहोत की नाही. एका माणसाचा प्रश्न एका गावाचा करून टाकला. इथे ऐकणारी गर्दी फ्रेममध्ये आहे, ती हसते, टाळ्या वाजवते, आणि ती टाळी वाजली की आपल्या अंगावर काटा येतो कारण हा माणूस खरंच वेडा झालाय की करतोय हे त्या गर्दीलाही कळत नाहीये. नाटकाचा प्रेक्षकच उचलून सिनेमात नेऊन बसवला म्हणा ना.

चार सिनेमे, चार वेगळे ऐकणारे, आणि त्या एका निवडीतून प्रत्येक सिनेमाचा हॅम्लेट वेगळा झाला. तुमच्या नाटकातही हीच निवड तुम्हाला करायचीय, आणि ती कॉश्च्यूम, काळ, लोकेशन ह्या सगळ्याच्या आधी करायचीय.

व्हॉइसओव्हरबद्दल एक, म्हणजे ओठ न हलता मागून ऐकू येणारा आवाज. स्वगत दिसलं की ते व्हॉइसओव्हरमध्ये टाकायचं आणि नटाने खिडकीबाहेर बघायचं, हे प्लीज करू नका. ऑलिव्हिएच्या वेळी ते नवीन होतं, आता तो प्रश्न टाळायचा रस्ता झालाय. व्हॉइसओव्हरला ऐकणारा नसतो, म्हणून तो बहुतेक वेळा मेलेला वाटतो. अगदीच घ्यायचा असेल तर तो कोणाला तरी लिहिलेलं पत्र, पाठवलेला मेसेज, दिलेला जबाब असू दे, म्हणजे पलीकडे कोणीतरी असतं.

नटसम्राटचं उदाहरण मुद्दाम घेतो कारण तिथे ही अडचण सगळ्यात अवघड रूपात आहे. शिरवाडकरांचं नाटक १९७० चं, लागूंनी गाजवलेलं, लिअर राजाची सावली असलेलं. त्यात गणपतराव बेलवलकर निवृत्त नट आहेत. आता नाट्यगृहात बसून आपण त्यांची स्वगतं ऐकतो तेव्हा आपण कोण असतो? आपण त्यांचाच जुना प्रेक्षक असतो! ज्यांनी आयुष्यभर टाळ्या दिल्या त्याच लोकांकडे तो म्हातारा घर मागतोय आणि ते गप्प खुर्चीत बसलेत. हा दंश फक्त नाट्यगृहात लागतो, तो सिनेमात नेताच येत नाही, कितीही मोठा नट घ्या. २०१६ च्या सिनेमात मांजरेकरांनी नाना पाटेकरांसमोर विक्रम गोखल्यांच्या रामभाऊला भरपूर जागा दिली, तोही नट, तोही म्हातारा, आणि मला वाटतं हे अगदी बरोबर हेरलं होतं. प्रेक्षक गेला तर निदान सहकलाकार तरी समोर ठेवा, ज्याला ह्या माणसाचं नटपण कळतं. ते दोघं समोरासमोर असतात तेव्हा सिनेमा सिनेमा होतो, जिथे नाना एकटे बोलतात तिथे मला परत नाट्यगृह आठवतं. हे माझं मत, लोकांनी तीच स्वगतं डोक्यावर घेतली हेही खरंय.

आता प्रत्यक्ष काम. मी काय करतो ते सांगतो, तुम्हाला जमेल तसं करा. नाटकाची स्वच्छ प्रत घ्यायची, आणि पेन्सिलने प्रत्येक बोलण्याच्या बाजूला एकच शब्द लिहायचा, कोणाला. बायकोला, मुलाला, स्वतःला, देवाला, प्रेक्षकाला. नाव पात्राचं असलं तरी फसू नका, पुष्कळदा वाक्य बायकोकडे बघून म्हटलेलं असतं पण ते प्रेक्षकाला माहिती देण्यासाठी असतं, "तुला आठवतं ना, पाच वर्षांपूर्वी आपण हे घर घेतलं तेव्हा" टाइप. तिला आठवतं, तिला सांगायची गरज नाही, ते प्रेक्षकाला आहे. तिथे "प्रे" लिहायचं. संपूर्ण नाटक असं झालं की फक्त "प्रे" वाली वाक्यं बघायची. माहितीची "प्रे" वाक्यं बहुतेक सगळी उडतात, कारण ती कॅमेरा देतो, भिंतीवरचा फोटो देतो, एखादं न उघडलेलं पाकीट देतं. टाळीची "प्रे" वाक्यं, म्हणजे अंकाच्या शेवटी नट विंगकडे जाताना वळून जे म्हणतो ते, त्यातली बरीच उडवावी लागतात आणि तिथे निर्मात्याशी भांडण होतं कारण नेमकी तीच वाक्यं लोकांना पाठ असतात. आणि तिसरी, कबुलीची "प्रे" वाक्यं, जिथे पात्र प्रेक्षकाला असं काहीतरी सांगतंय जे ते दुसऱ्या कोणालाही सांगू शकत नाही. ही ठेवायची, आणि ह्यांच्यासाठीच ऐकणारा शोधायचा. पेन्सिलच घ्या, पेन नको, कारण दुसऱ्या वाचनात निम्म्या ठिकाणी मत बदलतं.

शेक्सपिअर किंवा त्या काळातलं काही घेत असाल तर एक जास्तीची गोष्ट. ती नाटकं उघड्या छताच्या थिएटरात भरदुपारी व्हायची, लाइट नव्हते, नेपथ्य जवळजवळ नव्हतं, म्हणून रात्र झाली, धुकं पडलं, जंगल आलं हे सगळं शब्दांतून सांगावं लागायचं. ती वाक्यं सिनेमात दुहेरी होतात. पण सरसकट कापू नका. मॅकबेथच्या किल्ल्यापाशी आल्यावर राजा डंकन म्हणतो इथली हवा किती छान आहे, हे वर्णन नाहीये नुसतं, त्याच रात्री त्याच घरात त्याचा खून होणार आहे. असं वाक्य ठेवायचं, आणि हवा मात्र छान दाखवायची नाही.

दुसरी मोठी गोष्ट, विंगेतल्या घटना. जुन्या नाटकांत महत्त्वाचं बरंच काही रंगमंचाबाहेर घडतं, ग्रीक शोकांतिकांत तर सगळे खून बाहेरच व्हायचे आणि दूत येऊन सांगायचा. पटकथा लिहिणाऱ्याला लगेच वाटतं की अरे वा, हे आपण दाखवू शकतो. दाखवू शकता, पण दाखवावं का? मॅकबेथमध्ये डंकनचा खून विंगेत होतो. पोलान्स्कीने १९७१ ला दाखवला, जस्टिन कर्झेलने २०१५ ला दाखवला, जोएल कोएनने २०२१ ला दाखवला. आणि कुरोसावाने १९५७ ला थ्रोन ऑफ ब्लडमध्ये नाही दाखवला. नवरा भाला घेऊन जातो आणि कॅमेरा बायकोपाशी खोलीतच थांबतो. ती बसलीय, वळून बघतेय, मध्येच उठते, आणि आपण तिच्याबरोबर कान देऊन बसतो. तो परत येतो तेव्हा हातात रक्ताळलेला भाला तसाच घट्ट धरलेला, बोटं सुटत नाहीयेत, तिला तो ओढून काढावा लागतो. ह्या सीनमध्ये ऐकणारी ती आहे, आणि ती आपल्या बाजूची आहे, आपल्यासारखीच खोलीत अडकलेली. बाकी तिन्ही सिनेमे मला आवडतात, कोएनचा तर खूपच, पूर्ण स्टुडिओत, काळापांढरा, जवळजवळ चौकोनी फ्रेममध्ये केलेला, एकही खरी जागा नाही आणि तरी अस्सल सिनेमा. पण खुनाच्या सीनला कुरोसावाच.

हीच कसोटी इब्सेनच्या बाहुलीच्या घराला. १८७९ चं नाटक, शेवटी नोरा घर सोडते आणि खालून दार आपटल्याचा आवाज येतो. (जर्मनीत एका नटीने हा शेवट करायला नकार दिला आणि इब्सेनला नाइलाजाने मुलांकडे बघून नोरा थांबते असा दुसरा शेवट लिहून द्यावा लागला होता, म्हणजे निर्माते आणि स्टार तेव्हाही असेच.) सिनेमा लिहिताना मोह होतो की नोराबरोबर रस्त्यावर जावं, बर्फात तिचा चेहरा बघावा. एकदा तिथे गेलात की ती कुठे जाणार, काय करणार हे तुम्हाला सांगावं लागतं आणि नाटक नेमकं ते न सांगण्यावर उभं आहे. दार आपटल्याचा आवाज ऐकायला घरात कोणीतरी राहिलं पाहिजे, म्हणून कॅमेऱ्याने नवऱ्यापाशी थांबावं, असं मी तरी सांगेन.

आता "आजच्या काळात आणणं". ह्यात लोक कपडे आणि मोबाइल बदलतात आणि समजतात झालं. काळ बदलताना एकच शोधायचं असतं, मूळ नाटकात पात्राला हलता येत नाही ते कशामुळे, आणि नव्या जगात तशीच घट्ट गाठ कुठली आहे. नोराने वडिलांची खोटी सही केली कारण त्या काळी बाईला पुरुषाच्या संमतीशिवाय कर्ज मिळत नव्हतं. आजची नोरा ॲपवरून कर्ज काढेल, गोष्ट तिथेच संपली. तेव्हा तुम्हाला दुसरी गाठ शोधावी लागणार, व्हिसा असेल, मुलाचा ताबा असेल, काहीही, पण कायद्याने किंवा समाजाने बांधलेली, नुसती मनाची नाही.

ओंकारा (२००६) मध्ये ऑथेल्लोच्या हातरुमालाचा कंबरपट्टा केला. हे वरवर दागिन्याचं प्रकरण वाटतं पण नीट बघा. शेक्सपिअरच्या काळात नक्षीचा रुमाल ही मोठी खासगी भेट होती, आज रुमाल हरवला तर कोणी खून करणार नाही. कंबरपट्टा खानदानी आहे, घरच्या सुनेला मिळणारा आहे, आणि तो बाईच्या अंगावर अशा जागी असतो की परक्या माणसाच्या हातात दिसला तर नवऱ्याचं डोकं फिरायला दुसरा पुरावा लागतच नाही. रुमालापेक्षा तो जास्त पटतो, खरं सांगायचं तर. भारद्वाजच्याच, मॅकबेथवर केलेल्या मकबूलमध्ये (२००३) भविष्य सांगणाऱ्या चेटकिणींच्या जागी दोन पोलीस आहेत, नसीरुद्दीन शाह आणि ओम पुरी, पत्रिका मांडणारे. भविष्य सांगणारेच जर सत्तेतले असतील तर भविष्य खरं ठरतं की ठरवलं जातं, हा प्रश्न आपोआप आला. पण त्या सिनेमातला खरा मोठा बदल वेगळाच आहे, लेडी मॅकबेथ इथे नायकाची बायको नाही, डॉनची रखेल आहे. त्यामुळे खुनामागे महत्त्वाकांक्षेइतकीच वासना आणि सुटका आली, आणि पुढचा अपराधीपणाही वेगळ्या रंगाचा झाला. एका नात्याला हात लावला आणि सगळं नाटक हललं. असे बदल एक किंवा दोन करा, दहा नका करू.

हॅम्लेटमध्ये मेलेल्या बापाचं भूत येऊन आपला खून कोणी केला ते सांगतं, हैदरमध्ये त्या भुताचं काय करायचं हा प्रश्न होता. १९९५ चं काश्मीर, माणसं उचलली जातात आणि परत येत नाहीत, मेली की जिवंत ते कळत नाही, बायका अर्ध्या विधवा. बाप मेलाय की नाही हेच माहीत नसणं, ही मुळात भुताचीच अवस्था आहे, तेव्हा भूत आणायची गरज उरली नाही, रूहदार नावाचा माणूस निरोप घेऊन येतो आणि पुरतो. ह्याला मी काळ बदलणं म्हणतो. उलट बाजूला, बाझ लुर्मनच्या रोमिओ ज्युलिएटमध्ये (१९९६) पिस्तुलांवर तलवारीचं नाव ब्रँड म्हणून कोरलंय, ती गंमत आहे, छान आहे, पण त्याने गोष्ट टिकत नाही. गोष्ट टिकते कुरिअरने. मूळ नाटकात निरोप पोचत नाही म्हणून दोघं मरतात, तर इथे कुरिअरवाला येतो, दार वाजवतो, रोमिओ जवळच असून ऐकत नाही, चिठ्ठी लावून जातो. आज तेच लिहायचं तर मेसेज का पोचला नाही ह्याचं पटेल असं उत्तर तुमच्याकडे हवं, आणि रेंज नव्हती हे उत्तर नाही.

दिवाणखान्याकडे परत येतो कारण तुमचा मूळ त्रास तो आहे. फ्लोरियन झेलरचा द फादर बघा, परत बघा, पेन्सिल घेऊन बघा. त्याचं स्वतःचंच फ्रेंच नाटक, २०१२ चं, सिनेमा २०२० चा, स्मृतिभ्रंश झालेला म्हातारा आणि त्याची मुलगी, जवळजवळ सगळं फ्लॅटमध्ये. बाहेर काढायच्या ऐवजी त्याने फ्लॅटच आतून बदलत ठेवला. तीच लांब मार्गिका, तीच दारांची रचना, पण स्वयंपाकघर वेगळं, भिंतीचा रंग वेगळा, एक चित्र होतं ते नाही, आणि कोणी काही बोलत नाही त्याबद्दल. मुलगी ऑलिव्हिया कोलमन आहे आणि मग एका सीनमध्ये दारातून दुसरीच बाई येते आणि म्हणते मी तुमची मुलगी. नाटकात हे बाहेरून बघताना कोडं वाटतं, सिनेमात एडिटच म्हाताऱ्याच्या डोक्यासारखं तुटतं, आणि आपण गोंधळतो तो त्याच्याबरोबर. इथे रिकामी जागा घराने भरलीय. नाटकातला आंद्रे सिनेमात अँथनी झाला कारण भूमिका अँथनी हॉपकिन्ससाठी लिहिली, जन्मतारीखसुद्धा हॉपकिन्सचीच, ३१ डिसेंबर १९३७, डॉक्टरला सांगताना येते ती. अभिनय आणि पटकथा दोन्हींना ऑस्कर मिळालं. एका फ्लॅटवर!

नटांबद्दल थोडंच, कारण ते दिग्दर्शकाचं काम. नाटकात ज्यांनी प्रयोग केलेत त्यांनाच घ्यायचं की नाही? फेन्सेस (२०१६) मध्ये डेन्झेल वॉशिंग्टन आणि व्हायोला डेव्हिस दोघांनीही तेच रोल २०१० साली ब्रॉडवेवर केलेले होते. समीक्षकांनी सिनेमाला नाटकी म्हटलंच, परसदारातून हलत नाही म्हणून, पण ती नवऱ्यासमोर उभी राहून आपली सगळी वर्षं बोलून दाखवते तेव्हा तिचं नाक वाहतंय आणि ती पुसत नाही, हे शेवटच्या रांगेतून कधी दिसलं नसतं. मुरलेली भूमिका आणि जवळ आलेला कॅमेरा, दोन्ही मिळून ते होतं. अट एवढीच की नटाने प्रेक्षकासाठी सोडलेल्या जागा, हशाचे पॉज, टाळीचे पॉज, तालमीत काढून टाकायचे. कित्येकांच्या अंगात ते इतके बसलेले असतात की एडिटला कात्रीच लावावी लागते.

शेवटी कागदपत्रांचं, कारण ड्राफ्ट हातात असताना हे कोणी विचारत नाही आणि नंतर रडतात. भारतात लेखक गेल्यानंतर ६० वर्ष हक्क राहतात, पुढच्या कॅलेंडर वर्षापासून मोजून, युरोपात ७०. म्हणजे इब्सेन, चेकॉव्ह मोकळे, पण शिरवाडकर (निधन १९९९) किंवा तेंडुलकर (२००८) घेणार असाल तर वारसांची लेखी परवानगी हवीच, आणि त्यात "चित्रपट" असं स्पष्ट लिहिलेलं हवं, प्रयोगाची परवानगी सिनेमाला चालत नाही. आणि सगळ्यात जास्त लोक फसतात ते भाषांतरात. चेकॉव्ह मोकळा आहे पण तुमच्या टेबलावरचं चेकॉव्हचं मराठी किंवा इंग्रजी भाषांतर मोकळं असेलच असं नाही, त्याचे हक्क भाषांतरकाराचे वेगळे असतात आणि तुम्ही नकळत त्याचीच वाक्यं पटकथेत उतरवलेली असतात. तुम्ही नाटकाचं नाव सांगितलेलं नाही, ते कुठलं आहे आणि तुमच्याकडची प्रत कोणाची आहे ते कळवा, मग हक्कांचं आणि त्या तुमच्या लांबलचक स्वगतांचं नेमकं बोलता येईल.